सॅम्पलिंगच्या तासाला दारूचा विषय

वाचकाचं पत्र: मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. नोकरीला सहा वर्षं झाली. यंदा गटारीच्या रात्री आमच्या टी.वाय.ची पाच मुलं कॉट बेसिसच्या खोलीवर बसली. त्यातला एक बेशुद्ध पडला. बाकीचे "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून झोपून गेले. पहाटे एकाला जाग आली, तेव्हा हा उलटीत पडलेला होता. तीन दिवस अतिदक्षता विभागात राहून तो वाचला. आता प्राचार्यांनी व्यसनमुक्ती सप्ताह घ्यायला सांगितलाय आणि समन्वयक मला केलंय: एक व्याख्यान, पोस्टर स्पर्धा आणि सामूहिक शपथ. विभागप्रमुख म्हणतात, "आपलं काम सिलॅबस संपवायचं. मुलं सुधारायला आईबाप आहेत." मला दोन्ही पटत नाही. माझ्या विषयाच्या तासात काही करता येईल का? आणि तो मुलगा वर्गात परत आलाय. मागच्या बाकावर खाली मान घालून बसतो. त्याच्याशी काय बोलू? — एक प्राध्यापिका, कर्वेनगर

प्रिय मॅडम,

मुलगा वाचला हे वाचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यामुळे सत्राचं नियोजन, सप्ताह, विभागप्रमुख हे सगळं थोडं बाजूला ठेवते आणि उद्याच्या तासातली पाच मिनिटं तुमच्याकडे मागते.

फळ्यावर १०८ लिहा. मुलांना सांगा, प्यायलेला मित्र हाक मारून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल, अंग गार, ओठ निळसर वाटत असतील, तर तो झोपलेला नाही. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी काही होत नाही. उलट पाजायला गेलं तर श्वासनलिकेत जाण्याची भीती. शेवटचा घोट पोटात गेल्यानंतरही रक्तातलं प्रमाण काही वेळ चढतच असतं. म्हणून "झोपला की उतरेल" हा हिशेब चुकतो. त्या चौघांना मित्राची काळजी नव्हती असं मला वाटत नाही. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि घरमालक, रेक्टर, घरचे यांची भीती त्याहून मोठी होती. तेव्हा तुमच्या तोंडून त्यांनी हेही ऐकू दे: "आधी फोन करा. कोण प्यायलं, कुठं प्यायलं, हे मी तरी विचारणार नाही."

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो वाचून मला माझीच आठवण झाली, म्हणून आधी ती सांगते.

मी ३१ वर्षं सेंद्रिय रसायन शिकवलं. अल्कोहोलचं ऑक्सिडेशन हा माझा आवडता तास. पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग बघता बघता हिरवा होतो, मुलं टेस्ट ट्यूबभोवती गोळा व्हायची. १९५४ साली अमेरिकेत बोर्कनस्टाइन यांनी बनवलेलं श्वासतपासणी यंत्र याच रंगबदलावर चालायचं, हे मी कधी सांगितलं नाही. इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि त्याचं पुढं अ‍ॅसिटेट हा प्रवास आपल्या यकृतातही होतो, आणि यकृत ते काम आपल्या ठरलेल्या वेगानंच करतं, कुणाच्या घाईनं नाही, हेही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तो माझा विषय नाही. मग एका पावसाळ्यात माझ्या वर्गातली काही मुलं पानशेतला गेली, प्यायली, पाण्यात उतरली. एक परत आला नाही. त्याच्या सत्र परीक्षेचा पेपर तपासायचा माझ्याकडे राहिला होता. ऑक्सिडेशनच्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण होते. मी ती रासायनिक समीकरणं कितीतरी वेळ बघत बसले होते.

तेव्हा विभागप्रमुखांना सांगा, सिलॅबस सोडून काही करायचं नाहीये. सिलॅबसमधलीच उदाहरणं बदलायची आहेत. कोणता घटक शिकवायचा हे अभ्यास मंडळ ठरवतं, पण उदाहरण कुठलं घ्यायचं, प्रॅक्टिकलला डेटा कुठला द्यायचा, अंतर्गत मूल्यमापनाला असाइनमेंट कोणती, हे तुमच्या हातात असतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये या पद्धतीला करिक्युलम इन्फ्यूजन म्हणतात: दारूवर वेगळं भाषण नाही, गणिताच्या तासाला गणित आणि साहित्याच्या तासाला साहित्यच, फक्त हाताळायची सामग्री मुलांच्या जगण्यातली.

सप्ताहाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय दारूविषयक संशोधन संस्थेच्या कृती दलानं २००२ साली कॉलेजांमधल्या पिण्यावर अहवाल दिला. त्यात नुसती माहिती देण्याचे उपाय, म्हणजे दुष्परिणाम सांगणारी भाषणं, पत्रकं वगैरे, एकटे वापरले तर परिणामकारक नसतात, असं स्पष्ट म्हटलंय. उपयोग दिसला तो तीन गोष्टींचा. इतर किती पितात याबद्दलचा गैरसमज दूर करणं. दारूकडून असलेल्या अपेक्षा तपासायला लावणं. आणि पिणाऱ्या मुलाशी उपदेश न करता एकट्यानं बोलणं. मला विचाराल तर यातल्या पहिल्या दोन गोष्टी संख्याशास्त्राच्या तासाइतक्या दुसऱ्या कुठल्याच तासात नीट होणार नाहीत.

सॅम्पलिंगपासून, म्हणजे नमुना निवडून पाहणी करण्यापासून सुरू करा. नाजूक प्रश्नाला लोक खरं उत्तर देत नाहीत, ही सर्वेक्षणाची जुनी अडचण. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी त्यावर रँडमाइज्ड रिस्पॉन्सची युक्ती काढली. तिचं सोपं रूप वर्गात असं करता येतं. प्रत्येकानं नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा आला तर चिठ्ठीवर "हो" लिहायचं, काटा आला तर "गेल्या ३० दिवसांत मी दारू प्यायलो" या विधानाला खरं उत्तर लिहायचं. "हो" लिहिणारा प्यायला होता की नाण्यानं त्याच्याकडून ते लिहून घेतलं, हे तुम्हालाही कळणार नाही. समजा ६० मुलांत ३९ "हो" आले. त्यातले साधारण ३० नाण्याचे. उरलेल्या ३० जणांत खरे "हो" ९, म्हणजे ३० टक्के. मग स्टँडर्ड एरर, म्हणजे हा अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, काढायला लावा. ९५ टक्के विश्वासाचा पट्टा दोन्ही बाजूंना २४ टक्क्यांच्या आसपास पसरलेला दिसेल. गुप्तता राखली की अचूकतेत तोटा सोसावा लागतो आणि नमुना मोठा घ्यावा लागतो, हे पुस्तकातलं वाक्य मुलांना त्या दिवशी आपोआप कळेल. तिन्ही तुकड्या मिळून करा म्हणजे पट्टा आवळेल.

त्याच चिठ्ठीच्या मागे दुसरा प्रश्न विचारा, याला नाणं नको: "तुमच्या मते आपल्या वर्गातल्या किती टक्के मुलामुलींनी गेल्या ३० दिवसांत दारू घेतली असेल?" या अंदाजांचा हिस्टोग्राम (स्तंभालेख) काढा आणि पहिल्या प्रश्नातून आलेलं उत्तर त्यावर उभी रेघ मारून दाखवा.

वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पाहणीवरून दाखवलं की विद्यार्थ्यांना आपले सोबती प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा पिण्याच्या बाबतीत जास्त मोकळे वाटतात. तेव्हापासून हा गैरसमज अनेक ठिकाणी सापडला आहे. आपल्याकडंही कारण समोरच आहे. खोलीवर बसलेल्या पाच जणांचा आवाज अख्ख्या वाड्यात जातो. त्याच रात्री अभ्यासिकेत बसलेल्या, मेसवरून येऊन झोपलेल्या, गावी फोनवर बोलणाऱ्या पन्नास जणांचा आवाज कुणाला येत नाही. लातूर-नांदेडहून, जळगावहून पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मुलाला वाटतं, इथं सगळेच बसतात, आपणच मागं. भारत सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले. म्हणजे पंच्याऐंशी टक्के न पिणारे. हा आकडा कुठल्याही कट्ट्यावर सांगून बघा, कुणाचा विश्वास बसत नाही.

पण एक जपायचं. तुमच्या वर्गाचा आकडा अंदाजापेक्षा जास्त निघाला तर तो लपवू नका, झाकायला जाल तर मुलं लगेच ओळखतात. अशा वेळी नुसती सरासरी फळ्यावर लिहून तास संपवू नका, कारण न पिणाऱ्याला ती "मीच वेगळा आहे" असं सांगते. मग आकडा मागं ठेवून प्रश्न पुढं आणा: कुठं बसतात, कुणाबरोबर, कुठल्या रात्री, नको असताना किती जण ग्लास हातात घेतात. हे सगळं नावाशिवाय, ज्याला नको त्याला न भरण्याची मुभा देऊन आणि महाविद्यालयाची परवानगी घेऊनच. आणि चिठ्ठ्या वर्गासमोर फाडून टाका.

पुढं डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, म्हणजे प्रयोगांची आखणी, हा घटक येईल. तिथं खत आणि गव्हाच्या उताऱ्याऐवजी एकदा अ‍ॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग घ्या. दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या, चार गट. काहींना सांगितलं पेयात वोडका आहे आणि होती, काहींना सांगितलं आहे पण नुसतं टॉनिक होतं, काहींना सांगितलं नाही पण होती, काहींना नाही सांगितलं आणि नव्हतीच. कोण किती प्यायलं हे ग्लासात खरं काय होतं त्यावर ठरलं नाही, ग्लासात काय आहे असं वाटत होतं त्यावर ठरलं. टू बाय टू फॅक्टोरियल शिकवायला इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. आणि "घेतल्याशिवाय मोकळं बोलता येत नाही" असं मानणाऱ्या मुलाच्या मनात एक प्रश्न पडून राहतो. त्याला बोलतं दारू करते की दारूबद्दलची समजूत?

तुमच्या विषयाबाहेरचं थोडक्यात सांगते, स्टाफरूममध्ये उपयोगी पडेल. गणिताच्या आणि रसायनाच्या सहकाऱ्यांना बाटलीवरचं लेबल वाचायला सांगा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, घनता ०.७८९ धरली तर ४१ ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम. "बिअर काय, पाणीच" म्हणणारा मुलगा एका बाटलीत दोन मोठे पेग घेत असतो. वजनावरून रक्तातलं अल्कोहोल काढायच्या विडमार्क यांच्या सूत्रात ही एक बाटली घातली तर ६० किलोच्या मुलाच्या १०० मिली रक्तात साधारण १०० मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. तासाला १५ च्या आसपास उतरतं, म्हणजे त्या एका बाटलीनंतर जवळपास पाच तास गाडीची किल्ली हातात घेता येत नाही. ५० किलोच्या मुलीचा आकडा दीडशेपर्यंत जातो. हे शिकवलं तर मुलं "किती प्यायलं तर चालेल" याचा हिशेब मांडतील, अशी भीती काहीजण घालतील. ती अगदीच खोटी नाही. म्हणून सूत्र सरासरीचं आहे, एका माणसाच्या बाबतीत ते सहज चुकतं, हे त्याच तासात आकड्यांनी दाखवायचं. आणि महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी मद्याला २५ वर्षांची अट आहे, वर परवाना लागतो, हेही. पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांसाठी कायद्याचं उत्तर शून्य आहे.

मराठीच्या प्राध्यापकांकडं तर १९१९ साली रंगभूमीवर आलेलं गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आहेच. ते शिकवताना आपण भाषेवर, सिंधूच्या सोशिकपणावर थांबतो. एकदा असाइनमेंट अशी द्यायला सांगा: सुधाकर अपमान घेऊन घरी येतो, तळीराम त्याच्यापुढं प्याला धरतो, त्या क्षणापासून शेवटापर्यंत सुधाकरला थांबवू शकेल असा माणूस किती ठिकाणी समोर होता, आणि त्यानं काय बोलायला हवं होतं? मुलं ते स्वतःच्या मित्राबद्दल लिहितील. इतिहासवाल्यांना सांगा, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहिलं होतं, आणि १९०८ साली टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग, म्हणजे गिऱ्हाइकांना परतवणारी निदर्शनं, झालं होतं. ज्या रस्त्यांवरून ही मुलं रोज जातात तिथलंच हे आहे.

यातलं काहीही शिक्षा म्हणून देऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला तेव्हा सगळं शहर संतापलं. त्या चार मुलांना "दारूचे दुष्परिणाम" लिहून आणायला लावलंत तर त्यांच्यापुरता विषय तिथंच बंद होईल. आणि हे काम तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांच्या गळ्यात टाकू नका. त्यांना तासाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्यांनी आणखी किती ओढायचं.

सप्ताह टाळता येणार नाही. प्राचार्यांना नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी अहवाल आणि फोटो लागतात, ते त्यांना मिळू देत. पण शपथ वगळा. जो त्या आठवड्यात पिणार आहे तोही हात पुढं करून शपथ घेतो आणि खोटं बोलणं तेवढं सोपं होतं. पोस्टरच्या जागी तुमच्या मुलांचे हिस्टोग्राम लावा, त्यांनीच उभं राहून समजावून द्यावेत. व्याख्यानाऐवजी समुपदेशकाला प्रत्येक वर्गात २० मिनिटं पाठवा, म्हणजे चेहरा आणि खोली क्रमांक मुलांना माहीत होईल. नव्या अभ्यासक्रमातल्या फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये हे सर्वेक्षण बसवता आलं तर सप्ताह संपल्यावरही काम चालू राहील. आणखी एक, वेळापत्रकाच्या समितीत कुणी ओळखीचं असेल तर बघा. मिसुरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्यांना शुक्रवारी सकाळी लवकर तास होते, ते गुरुवारी रात्री कमी प्यायले. आपल्याकडं शनिवारी सकाळचं प्रॅक्टिकल रद्द करायची सगळ्यांना घाई असते. ते राहू द्या.

आता मागच्या बाकावरचा तो मुलगा.

त्याला स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथं दहा कान असतात. तास संपल्यावर फळा पुसता पुसता थांबवा. सुरुवात दारूनं नको. "तुझ्या दोन इंटर्नल बुडाल्यात, पुढच्या आठवड्यात घेऊ या का?" एवढं म्हणा आणि खरंच घ्या. त्याला आत्ता सगळ्यात जास्त हे कळायला हवंय की त्याचं वर्ष आणि त्याची जागा शिल्लक आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेला विचारा, "त्या रात्रीबद्दल बोलावंसं वाटतं का?" नाही म्हणाला तर "बरं" म्हणा आणि विषय सोडा. दार उघडं राहिलं हे त्यानं पाहिलेलं असतं. बोलला तर ऐका, मध्ये "पण" घालू नका. पिण्यातून त्याला काय मिळतं हेही विचारा, काय जातं हेही, आणि दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या.

निदान तुमचं काम नाही. गटारीच्या एका रात्री अति झालं की रोजची ओढ आहे, हे समुपदेशक किंवा डॉक्टर बघतील. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी त्यासाठीच आहे, ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पुढं बोलायला हवं असं समजतात. तुम्ही फक्त सोबत जायची तयारी दाखवा: "समुपदेशकांकडे पहिल्यांदा मी येते तुझ्याबरोबर." रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन क्रमांक त्याच्या वहीत लिहून द्या. जास्त मदतीची गरज निघाली तर येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं ते केंद्र मुलाला गुन्हेगारासारखं वागवत नाही. तो सज्ञान आहे, त्यामुळे जीवाला धोका दिसत नसेल तर घरी कळवण्याआधी त्याला विचारा. आणि कितीही चांगल्या हेतूनं कुणी सुचवलं तरी त्याला सप्ताहात मंचावर "अनुभवकथन" करायला लावू देऊ नका.

त्या चौघांनाही विसरू नका. पहाटे जागा झालेल्या मुलानं मित्राला वाचवलं. गेले काही आठवडे तो बहुधा "रात्रीच का नाही उठलो" याच विचारात असेल. त्याला कुणी शाबास म्हटलंय का? तुम्ही म्हणा.

नाण्याचा प्रयोग झाला की मला लिहा. टक्के किती आले ते नाही लिहिलंत तरी चालेल. हिस्टोग्रामवर रेघ ओढल्यावर वर्गात पहिल्यांदा कोण बोललं, आणि काय म्हणालं, ते मात्र कळवा.